चाकण किती कोस?

इतिहासाची साधने कोणती, असे विचारले तर जाणकार मंडळी शिलालेख, ताम्रपट, बखरी, शकावल्या, जुन्या कागदांचे रुमाल अशी यादी सांगतात. या पंक्तीत सायकलीलाही एक पाट मांडावा, असे मी म्हटले तर भारत इतिहास संशोधक मंडळात जाणारे माझे स्नेही हसतील. हसोत बापडे! चाकणचा वेढा मला जो काही समजला, तो निम्मा ग्रंथांतून आणि निम्मा सायकलवरून.

त्याचे असे झाले. गेल्या गणपतीत भाचा जेवायला आला होता. चाकणच्या एका मोटारींच्या कारखान्यात तो सहा वर्षे नोकरीला आहे. मोदकांचा समाचार घेता घेता मी सहज विचारले, "काय रे, संग्रामदुर्ग पाहिलास ना?"

"कुठला दुर्ग, मामा? चाकणला किल्ला आहे?"

त्याचे तरी काय चुकले? कंपनीची बस पहाटे चिंचवडला उचलते आणि कारखान्याच्या फाटकात सोडते. मधल्या वाटेवर हा झोपलेला! मी म्हटले, "आहे की नाही ते तूच बघून सांग. पण बसने नाही, सायकलने जायचे." त्याच्याकडे गिअरची हलकी सायकल होती; माझ्याकडे वडिलांची जुनी काळी, दांडीची. १९५४ साली पिंपरीला पेनिसिलिनचा कारखाना निघाला, त्यात वडील पुढे नोकरीला लागले आणि निवृत्त होईपर्यंत याच सायकलवरून पाळीला गेले. पाळी सुटली की फाटकातून सायकलींचा लोंढा बाहेर पडे आणि घंट्यांचा असा गजर होई, की आम्हां मुलांना वाटे, देवळात आरतीच चालली आहे. आज त्या रस्त्यावर सायकल म्हणजे अपवाद.

आश्विनातल्या एका रविवारी, उजाडता उजाडता, मोरया गोसावींच्या समाधीला हात जोडून आम्ही पवनेच्या काठावरून निघालो. ज्या घरातले दामोदर, बाळकृष्ण आणि वासुदेव हे तिघे भाऊ १८९८-९९ मध्ये एकापाठोपाठ फासावर गेले, तो चाफेकरांचा वाडा इथेच. त्यावर स्वतंत्र लिहावे लागेल. आज वाट चाकणची आहे.

आकुर्डी, निगडीपर्यंत शहर संपत नाही. पण पायडल मारणाऱ्याला एक गोष्ट कळते, जी मोटारवाल्याला जन्मात कळायची नाही : रस्ता चढतो आहे. चढ फार नाही, पण मांड्यांना त्याची बरोबर वर्दी मिळते. पवनेचे खोरे मागे पडते, मधला उंचवटा ओलांडला जातो आणि देहूरोडवरून एकदम वारा कानात शिरू लागतो. आता उतार, तो थेट इंद्रायणीपर्यंत. त्या उताराच्या पायथ्याशी देहू.

तुकोबांचे गाव, गाथा बुडवल्याचा डोह, सगळे वाचकांना ठाऊक आहे. मला तिथे वेगळेच सांगायचे होते. पूल ओलांडून येलवाडीच्या अंगाला लागल्यावर मी भाच्याला विचारले, "इथून चाकण किती?" त्याने फोनमध्ये पाहिले. "पंधरा-सोळा किलोमीटर." म्हणजे पाचएक कोस. संताजी जगनाडे चाकणचे तेली. तुकोबांचे अभंग ज्यांनी वह्यांत उतरवून घेतले, ते हेच संताजी. ठाण्याच्या वि. ल. भाव्यांनी पुढे याच वहीच्या आधारे अस्सल गाथा छापली. चाकण आणि देहू ही दोन नावे आपण वेगवेगळ्या पुस्तकांत वाचतो, एक किल्ल्यांच्या आणि दुसरे संतांच्या. त्यामुळे ती दोन मुलखांतली वाटतात. प्रत्यक्षात घाण्याचे काम आटोपून निघालेला माणूस रात्रीच्या कीर्तनाला पोचेल, एवढेच अंतर. हे वाक्य मी कित्येक वर्षे नुसते वाचले होते. त्या दिवशी ते पोटऱ्यांना पटले.

पुढे सुदुंबरे. संताजींची समाधी इथे आहे. डावीकडे भंडारा डोंगर सतत सोबत करतो. तुकोबा चिंतनाला जात तो. पलीकडचा भामचंद्रही त्यांचाच. आता त्याच्या पायथ्यापर्यंत कारखाने आले आहेत. दोन शेते, एक गोदाम, पुन्हा शेत, पुन्हा लोखंडी पत्र्याची लांबच लांब भिंत असा देखावा. ज्वारी चांगली आली होती. जमीन लाटांसारखी वरखाली होते, पण भिववणारा चढ कुठेच नाही.

इथून पुढे मात्र तळेगाव-चाकण रस्ता लागला आणि आमचा रमणीय प्रवास संपला. कंटेनर, ट्रेलर, नव्या मोटारी लादलेले मजली ट्रक! कडेच्या हातभर खडीवरून सायकली ढकलत आम्ही काही मैल काढले. भाचा म्हणाला, "मामा, हे वेड्यासारखं आहे." मी काही बोललो नाही, कारण त्याचे म्हणणे खरे होते. पण मनात आले, इतकी वाहने याच जागी का गोळा व्हावीत? आणि उत्तर तिथेच मिळाले. वाहनांना जे हवे, तेच शायिस्ताखानाला हवे होते.

मे १६६० मध्ये खान पुण्याला येऊन बसला. भोवती सह्याद्रीतले एकाहून एक गड असता त्याने आधी हा भुईकोट का धरला? नगरकडून येणारी रसद कोकणात उतरवायची तर सपाट, सोयीची वाट चाकणवरून जाते. उत्तरेला जुन्नरचा रस्ताही इथूनच. घाटमाथ्याच्या पायाशी मोठ्या फौजेला, तोफांना, बैलांना वावरता येईल अशी ही मोकळी जमीन. ज्याच्या हाती चाकण, त्याच्या हाती ही वाट. १९ जूनला खान पुण्याहून निघाला आणि २१ जूनला चाकणपुढे आला. जेमतेम तीस किलोमीटरला तीन दिवस! पावसाच्या तोंडावर काळ्या मातीतून तोफा ओढणे म्हणजे काय, हे त्या तीन दिवसांत आहे.

किल्ल्यात फिरंगोजी नरसाळा. शिबंदी तीन-साडेतीनशेची. चार कोपऱ्यांना बुरूज, भोवती तट आणि खंदक. डोंगर नाही, कडा नाही, जंगल नाही. मदतीची आशाही नव्हती, कारण शिवाजीमहाराज स्वतः पन्हाळ्याला सिद्दी जौहरच्या वेढ्यात. जुलैत ते विशाळगडाकडे निसटले, बाजीप्रभू पडले. त्या सगळ्या दिवसांत इकडे चाकण झुंजतच होते. आपण पावनखिंड आठवतो, आणि आठवावीच. पण त्याच पावसात दुसऱ्या टोकाला ही मूठभर माणसे चिखलात उभी होती, हे सहसा कोणी सांगत नाही.

मोगलांनी सुरुंग खणला. १४ ऑगस्टला दुपारी ईशान्येचा बुरूज माणसांसकट उडाला. खिंडारातून मोगल घुसले, तर आत मातीचा बांध घालून मराठे तयार! बाण, दारूगोळा, दगड यांचा असा मारा केला की मोगलांना ती रात्र तिथेच काढावी लागली. दुसऱ्या दिवशी मात्र इलाज राहिला नाही. राव भाऊसिंह हाडा मध्यस्थ झाला आणि फिरंगोजीने किल्ला खाली केला. मोगलांची २६८ माणसे मेली, सहाशे जखमी झाली. खानाने फिरंगोजीला चाकरी देऊ केली. ती नाकारून तो महाराजांकडे गेला. चाकणचे नाव मोगलांनी इस्लामाबाद ठेवले. ते नाव टिकले नाही.

डोंगरी किल्ल्याची निम्मी लढाई डोंगरच लढतो. इथे मातीशिवाय कोणी पाठीशी नव्हते. म्हणून माझ्या मते चाकणचे दोन महिने हे मोठमोठ्या गडांच्या वर्षांच्या तोलाचे आहेत. हे मत कोणाला भाबडे वाटले तर वाटो.

कांद्याच्या बाजारासाठी नावाजलेल्या त्या गावात गर्दीतून विचारत विचारत आम्ही किल्ल्यापाशी पोचलो. दोघांनी पत्ता चुकीचा सांगितला, तिसरा म्हणाला, "पडका वाडा म्हणताय का?" तटाचा काही भाग, ढासळलेले बुरूज, बुजत आलेला खंदक, आत दामोदर विष्णूचे देऊळ. एवढेच उरले आहे. भाचा बराच वेळ खंदकाच्या काठावर उभा होता. मग म्हणाला, "मामा, आमच्या कारखान्याचं पार्किंग याहून मोठं आहे."

"असेलच."

"आणि एवढ्यात दोन महिने?"

मी मान हलवली. त्याने खंदकाची रुंदी पावलांनी मोजायला घेतली. मध्येच झुडपे आडवी आली, तेव्हा पहिल्यापासून मोजली.

परतताना महामार्गाचे नाव काढायचे नाही, असे ठरवून आम्ही आळंदीची वाट धरली. ऊन चढले होते. इंद्रायणी पुन्हा भेटली. ज्ञानदेवांनी १२९६ मध्ये समाधी घेतली ते गाव, घाटावर बसून दशम्या खाल्ल्या. तिथे माझ्या मागच्या चाकाने राम म्हटला. पंक्चर काढणारा म्हातारा सायकल पाहून खूश झाला, म्हणाला, "अशी टायर आता मिळत नाहीत, जपा." पैसे घ्यायला तयार होईना. मोशी, भोसरी करीत दिवस कलायच्या आत चिंचवड गाठले. एकूण फेरी साठएक किलोमीटरची.

सोमवारी सकाळी सातच्या आत फोन वाजला. भाचा बसमधून बोलत होता.

"मामा, आज झोपलो नाही. खिडकीतून बघत होतो."

"मग? दिसला किल्ला?"

"बस तिकडून जातच नाही हो. पण भंडारा दिसला. आणि मामा, तुम्ही म्हणालात तो निगडीचा चढ आहे ना, तो बसलासुद्धा लागतो. ड्रायव्हर गिअर बदलतो."