अस्थिघनता तपासणी

रजोनिवृत्तीनंतर इस्ट्रोजेन घटते, हाडांची झीज भरून येण्यापेक्षा वेगाने होते आणि ती ठिसूळ होतात. यालाच ऑस्टिओपोरोसिस म्हणतात. अस्थिभंग होईपर्यंत दुखणे नसते, म्हणून मोजणी लागते. डेक्सा यंत्रावर दहा-पंधरा मिनिटे पडून राहिले की अत्यल्प क्ष-किरणांनी खुबा व कमरेच्या मणक्यांची घनता कळते. जागतिक आरोग्य संघटनेने 1994 मध्ये उणे 2.5 किंवा त्याहून कमी टी-स्कोअर (निरोगी तरुण स्त्रियांच्या सरासरी घनतेशी तुलना करणारा आकडा) ही रोगाची सीमा ठरवली. मात्र हा आकडा एकटा पुरेसा नाही. बहुतेक अस्थिभंग या सीमेच्या अलीकडच्या स्त्रियांनाच होतात, कारण त्यांची संख्याच मोठी. शिवाय उतारवयात मणक्यांवर वाढलेल्या हाडामुळे तिथली घनता खोटी चांगली दिसते. वय, साध्या पडण्याने मोडलेले मनगट, आईचा मोडलेला खुबा, दीर्घकाळ घेतलेली स्टेरॉइड्स हेही मोजावे लागते.

सरसकट तपासणीने निरोगी बायका उगाच रुग्ण ठरतात, हा आक्षेप खोटा नाही. पण ब्रिटनमधील ‘स्कूप’ चाचणीत (2018) सत्तरीपुढील स्त्रियांचा धोका आधी प्रश्नावलीने जोखला व गरजेपुरतीच डेक्सा केली. खुब्याचे अस्थिभंग सुमारे 28 टक्क्यांनी घटले, एकूण अस्थिभंगांत मात्र लक्षणीय फरक पडला नाही. खुबा मोडलेली म्हातारी बरेचदा अंथरुणालाच खिळते, तेव्हा एवढा लाभही थोडका नव्हे. नाचणी, दूध, ऊन आणि वजन पेलणारा व्यायाम हवाच; पण धोका मोठा असल्यास बिस्फॉस्फोनेटसारख्या औषधाची जागा नुसत्या कॅल्शियमच्या गोळ्या घेत नाहीत.