पायाखालची पृथ्वी : आसाम ते किल्लारी

आपल्या गणपतीला आपण ‘पार्थिव’ म्हणतो. पृथ्वीच्या मातीचा म्हणून पार्थिव. दहा दिवस त्याची पूजा करून चतुर्दशीला आपण त्याला पुन्हा मातीपाण्यात मिळवतो. १९९३ साली २९ सप्टेंबरला अनंत चतुर्दशी होती. विसर्जन करून गावे झोपी गेली आणि ३० तारखेच्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी, सास्तूर आणि आसपासची गावे जमीनदोस्त झाली. जवळजवळ दहा हजार माणसे गेली. तो हादरा आपल्या हैदराबादेतही जाणवला.

आपल्यापैकी कितीतरी घराण्यांची मूळ गावे लातूर, उस्मानाबाद, बीदर या भागातली. १९५६ पर्यंत हा सारा मुलूख एकाच हैदराबाद राज्यात होता. त्यामुळे त्या दिवशी आपल्या वस्तीत घरोघरी फोनशी झटापट चालली होती, आणि फोन काही लागत नव्हते. वडीलधाऱ्यांच्या तोंडी एकच प्रश्न होता : दख्खनचा कातळ तर पक्का, असे आपण शाळेत शिकलो. मग तो हललाच कसा?

या प्रश्नाचे उत्तर शोधायचे तर आधी हे पाहावे लागते, की जमिनीच्या पोटात काय आहे हे माणसाला कळले तरी कसे. पृथ्वीच्या मध्यापर्यंतचे अंतर सुमारे ६,३७० किलोमीटर. कोलारच्या सोन्याच्या खाणी तीन किलोमीटरहून खोल गेल्या. रशियातील कोला येथे घेतलेले छिद्र १२ किलोमीटरच्या थोडे पुढे जाऊन थांबले. म्हणजे आंब्याची साल पुरती सोलण्याइतकीही आपली मजल गेलेली नाही. कोयीपर्यंतचे ज्ञान आपल्याला मिळाले ते भूकंपांकडूनच.

१२ जून १८९७ रोजी आसामात प्रचंड भूकंप झाला. शिलाँगमधील दगडी इमारती कोसळल्या. त्याचा अभ्यास भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातील रिचर्ड डिक्सन ओल्डहॅम यांनी केला. हजारो किलोमीटर दूर युरोपातील यंत्रांवर याच भूकंपाच्या नोंदी उमटल्या होत्या. त्या तपासताना त्यांच्या लक्षात आले, की लहरी एका जातीच्या नाहीत. आधी पोचतात त्या प्राथमिक लहरी. त्या घन आणि द्रव दोन्हींतून जातात. मागून येतात त्या दुय्यम लहरी, आणि त्यांना द्रवातून जाता येत नाही. तिसऱ्या लहरी पृष्ठभागावरूनच चालतात.

पुढे १९०६ साली ओल्डहॅम यांनी आणखी एक गोष्ट मांडली. भूकंपाच्या पलीकडच्या बाजूला लहरी अपेक्षेपेक्षा उशिरा पोचतात, म्हणजे वाटेत त्यांना वेगळ्या पदार्थाचा गाभा लागत असला पाहिजे. १९०९ मध्ये क्रोएशियातील एका भूकंपावरून मोहोरोविचिच यांनी कवच आणि त्याखालचे प्रावरण यांमधली सीमा ओळखली. गुटेनबर्ग यांनी गाभ्याची सुरुवात सुमारे २,९०० किलोमीटरवर होते असे दाखवले. बाहेरचा गाभा द्रव आहे हेही नंतर सिद्ध झाले. १९३६ मध्ये डेन्मार्कच्या इंगे लेमान या विदुषीने न्यूझीलंडमधील भूकंपाच्या नोंदी तपासून त्या द्रवाच्या आत आणखी एक गाभा असल्याचे सांगितले. तो घन आहे हे पुढे कळले.

असे चार थर झाले. वर खंडांखाली साधारण ३० ते ४० किलोमीटर जाडीचे कवच, त्याखाली तापलेल्या पण घन खडकाचे प्रावरण, मग वितळलेल्या लोखंड-निकेलचा बाह्य गाभा आणि अगदी मध्यात घन अंतर्गाभा. कोणी आत गेले नाही. दूरदूरच्या ठिकाणी माणसांवर कोसळलेल्या संकटांच्या नोंदी कोणीतरी चिकाटीने वाचल्या, म्हणून हे कळले.

आता पुन्हा आपल्या दारात येऊ. गोवळकोंड्याचा डोंगर, बंजारा हिल्सच्या गोलगरगरीत शिळा हा सगळा सुमारे अडीच अब्ज वर्षांचा ग्रॅनाइट. गाडी विकाराबाद सोडून बीदरकडे निघाली की हळूहळू जमिनीचा रंग पालटतो. आधी तांबडा जांभा दिसतो, मग मराठवाड्याची काळी माती. ही काळी माती ज्या खडकापासून झाली, तो साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा थरावर थर आहे. भूकंपानंतर किल्लारीला ६१७ मीटर खोल छिद्र घेतले गेले. साधारण ३४० मीटरवर काळा कातळ संपला आणि थोड्याशा गाळाखाली अतिप्राचीन पाया लागला. त्या खडकांवर आपल्या उप्पल रस्त्यावरील राष्ट्रीय भूभौतिकीय संशोधन संस्थेतही अभ्यास झाला. हैदराबादेत जो पाया उघड्यावर दिसतो, त्याच्याच कुळातला पाया किल्लारीत काळ्या कातळाखाली झाकलेला आहे.

पाया जुना होता, पण अभंग नव्हता. भारताचे भूखंड वर्षाला काही सेंटिमीटर उत्तरेकडे सरकत आशियाला रेटते आहे. तो ताण केवळ हिमालयात राहत नाही, कवचातील जुन्या कमकुवत जागांवरही साठतो. किल्लारीच्या लोकांना १९९२ पासून लहान धक्के जाणवत होते. पण नकाशावर तो भाग सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. २००२ च्या नव्या नकाशात तो सर्वांत कमी धोक्याचा पट्टाच काढून टाकला आणि लातूरचा परिसर तिसऱ्या पट्ट्यात गेला. ‘येथे धोका नाही’ असे म्हणण्याजोगी जागा देशात उरली नाही.

आणि एवढी माणसे का गेली? तो भूकंप जगातल्या मोठ्या भूकंपांत मोडत नाही. पण त्याचे केंद्र उथळ होते आणि घरे होती चिखलात रचलेल्या गोट्यांच्या जाड भिंतींची, वर मातीचे जड माळवद. उन्हाळ्यात गारवा देणारे तेच माळवद झोपलेल्या माणसांवर आले.

म्हणून एक विनंती. आपल्यापैकी अनेकांचे वडिलोपार्जित वाडे तिकडे अजून उभे आहेत. सणावाराला आपण तिथे जातो, मुले माळवदाखाली झोपतात. यंदा गेल्यावर एखाद्या जाणत्या अभियंत्याला सोबत न्यावे. सुटलेले कोपरे, फुगलेल्या भिंती, वर्षानुवर्षे चढवलेला मातीचा भार त्याला दाखवावा. भिंती बांधून घेणारे सलग पट्टे आणि हलके छप्पर एवढ्यानेही पुष्कळ फरक पडतो. धरणी कधी हलेल हे अजून कोणाला सांगता येत नाही. ती हलली तर घर अंगावर येऊ नये, एवढी तजवीज मात्र आपल्या हातात आहे.