तालीसपत्र आणि देवदारी खोके

कोल्हापूरच्या बाजारात फर वृक्ष दोन वाटांनी आला आणि दोन्ही वेळा अनोळखीच राहिला. काष्ठौषधींच्या दुकानात तो तालीसपत्र या नावाने, वाळलेल्या पानांच्या रूपात मिळतो. फळबाजारात व गुदामांत तो एके काळी देवदारी खोक्याच्या रूपाने वावरला. पहिले नाव त्याचे स्वतःचे आहे. दुसरे दुसऱ्याच वृक्षाचे आहे. भाषांतरकारांनी मात्र हे दुसरेच नाव उचलले, आणि आपल्याकडे फर म्हणजे देवदार हे समीकरण रूढ होऊन बसले. त्याची चिकित्सा करणे हा या टिपणाचा हेतू आहे.

हा घोटाळा होण्याचे कारण उघड आहे. महाराष्ट्राच्या सह्याद्रीत शंकुधारी वृक्ष निसर्गतः नाहीतच. ज्याला आपण किनाऱ्यावर सुरू म्हणतो तोही शंकुधारी नव्हे; फारसीतल्या ‘सर्व’ या वृक्षाचे नाव तेवढे त्याला मिळाले. वृक्ष डोळ्यांपुढे नसला की नाव कोणत्याही लाकडाला चिकटते. बंगालीत देवदारु म्हणजे आपण बागेत लावतो तो उंच, सरळ ‘अशोक’, तर दक्षिणेत याच नावाने एरिथ्रॉझायलम जातीचा लहानसा वृक्ष ओळखला जातो.

संस्कृतातील देवदारु मात्र निश्चित आहे. रघुवंशाच्या दुसऱ्या सर्गात शंकराने पुत्र मानलेला आणि हत्तीने साल घासली म्हणून पार्वतीला शोक करावयास लावणारा वृक्ष तो हाच, म्हणजे वनस्पतिशास्त्रातील सिड्रस देओदारा. अमरकोशाच्या वनौषधिवर्गात त्याची सात नावे आहेत. त्यांपैकी पूतिकाष्ठ हे आपल्या दृष्टीने मोलाचे होय. उग्र वासाचे लाकूड असा त्याचा अर्थ. देवदाराच्या लाकडात तेल असते, त्याला वास येतो आणि तेलामुळेच ते वर्षानुवर्षे टिकते; पूर्वी रेल्वेचे स्लीपर त्याचे करीत ते यासाठीच. आता देवदारी खोक्याची फळी हातात घेऊन पाहावी. ती पांढुरकी, हलकी, जवळजवळ गंधहीन असते आणि ओलीत ठेवली तर लवकर कुजते. अमरसिंहाच्या एका शब्दानेच ती फळी देवदाराची नव्हे असा निकाल लागतो. ती फरची, स्प्रूसची किंवा चिडाची असते. हिमाचलातील सफरचंदे 1980 च्या दशकापर्यंत मुख्यतः फर व स्प्रूस यांच्या पेट्यांतून देशभर जात. पुढे वृक्षतोडीवर निर्बंध आले आणि त्यांची जागा पुठ्ठ्याच्या पेट्यांनी घेतली.

मग खोके ‘देवदारी’ का झाले? माझा तर्क असा की यात इंग्रजीतील ‘डील’ या शब्दाचा हात असावा. हा शब्द जर्मन-डच भाषागटातून चौदाव्या शतकाच्या सुमारास इंग्रजीत आला. त्याचा मूळ अर्थ फळी. पुढे फर वा पाईन यांची चिरलेली फळी असा तो रूढ झाला. विलायती माल ज्या पेट्यांतून येई त्या या लाकडाच्या. ‘डील’ला मराठी प्रतिशब्द शोधणाऱ्यास आद्याक्षराने सारखा वाटणारा आणि हिमालयाशी नाते सांगणारा देवदार जवळचा वाटला असेल. हे सिद्ध झाले आहे असे मी म्हणत नाही.

तालीसाची कथा वेगळी आहे. चरकाच्या चिकित्सास्थानात राजयक्ष्म्याच्या प्रकरणी तालीसाद्य चूर्ण येते. तालीस एक भाग, मिरे दोन, सुंठ तीन, पिंपळी चार, वंशलोचन पाच, दालचिनी व वेलदोडा प्रत्येकी अर्धा, आणि साखर पिंपळीच्या आठपट. खोकल्यावर ते आजही घरोघर दिले जाते. भारतीय आयुर्वेदिक औषधकोशात तालीस म्हणजे आबिएस वेब्बियाना. ‘वेब्बियाना’ हे नाव 1815 नंतर कुमाऊंचे सर्वेक्षण करणाऱ्या कॅप्टन वेबवरून पडले. पश्चिम हिमालयात याच कुळातला आबिएस पिंड्रो हा साधारण दोन ते सव्वातीन हजार मीटर उंचीवर वाढतो, तर वेबचा फर त्याच्याही वर, वृक्षरेषेपर्यंत जातो. पहाडी बोलींतील तोस, रई, मोरिंडा ही नावे एका खोऱ्यात फरला, तर दुसऱ्यात स्प्रूसला लागतात. म्हणजे वृक्ष दारात असूनही नावे हलतात. मग आपल्याला फार दोष देऊ नये.

पण नावाचा हा सैलपणा औषधाच्या बाबतीत निरुपद्रवी राहत नाही. काही बाजारांत तालीसपत्र म्हणून थुनेराची, म्हणजे टॅक्ससची पाने विकली गेली आहेत. त्यांत टॅक्सीन हे हृदयास घातक विष असते. फरचे पान चपटे असते, त्याच्या टोकाला बहुधा खाच असते आणि खालच्या अंगाला दोन पांढरे पट्टे असतात. थुनेराचे पान टोकदार असते व त्यावर असे पांढरे पट्टे नसतात. देवदाराची सुईसारखी पाने तर आखूड फांद्यांवर झुबक्याने येतात. फरचे शंकू ताठ उभे राहून झाडावरच सुटतात, स्प्रूसचे लोंबतात आणि अखंड गळतात; पण दुकानात शंकू येत नाहीत, पानेच येतात.

कोशकारांना माझी सूचना अशी की फरसाठी ‘तालीस’ हा शब्द घ्यावा आणि देवदार सिड्रससाठी मोकळा ठेवावा. तालीश असाही पाठ ग्रंथांत आढळतो. मराठीत सकारान्त रूप अधिक रुळलेले आहे, तेच ठेवावे. खोके देवदारीच राहील. बोलीतील नाव दुरुस्त करण्याचे काम कोशाचे नव्हे. पण त्या नोंदीखाली हे लाकूड देवदाराचे नसते, एवढी एक ओळ अवश्य असावी.