धूम्रपान आणि विम्याचा हप्ता: एका वर्गवारीचा इतिहास

आयुर्विम्याचा हप्ता विमेदाराच्या वयानुसार ठरवण्याची शास्त्रीय पद्धत १७६२ साली लंडनमध्ये स्थापन झालेल्या इक्विटेबल सोसायटीने रूढ केली. परंतु विमेदार तंबाखू ओढतो की नाही, याचा हप्त्याच्या दराशी संबंध जोडला जायला त्यानंतर सुमारे दोनशे वर्षे लागली. मृत्युदाव्यांच्या नोंदी विमा कंपन्यांकडे होत्याच, पण नुसत्या दाव्यांच्या मोजणीतून काहीच सिद्ध होत नाही. मृतांमध्ये धूम्रपान करणारे किती, हा अपूर्णांकाचा अंश झाला. एकूण विमेदारांमध्ये ते किती होते, हा छेद ठाऊक नसेल, तर मृत्युदर काढता येत नाही, आणि तो छेद मिळण्यासाठी प्रस्तावपत्रातच तसा प्रश्न विचारलेला असावा लागतो.

म्हणूनच पहिले ठळक आकडे विमा व्यवसायाबाहेरून आले. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील जीवशास्त्रज्ञ रेमंड पर्ल यांनी १९३८ साली ६,८१३ पुरुषांच्या नोंदींवरून आयुष्यसारण्या, म्हणजे प्रत्येक वयाला किती जण हयात राहतात हे दाखवणारी कोष्टके, तयार केली. त्यांनुसार तीस वर्षांच्या १,००,००० पुरुषांपैकी वयाची साठ वर्षे गाठणारे तंबाखू न ओढणाऱ्यांत सुमारे ६६,५००, बेताने ओढणाऱ्यांत सुमारे ६२,०००, तर अतिरेकी धूम्रपान करणाऱ्यांत अवघे ४६,००० होते. एवढी मोठी तफावत समोर असूनही विम्याचे दर जसेच्या तसे राहिले, ही या इतिहासातील सर्वांत खेदाची बाब म्हणावी लागेल.

११ जानेवारी १९६४ रोजी अमेरिकेच्या सर्जन जनरलांचा धूम्रपानविषयक अहवाल प्रसिद्ध झाला आणि त्याच वर्षी मॅसॅच्युसेट्समधील वूस्टर येथील स्टेट म्युच्युअल या कंपनीने सिगारेट न ओढणाऱ्यांना सवलतीच्या दराने विमा देऊ केला. या निर्णयाचे खरे मोल सवलतीपेक्षा नोंदीत होते, कारण यापुढे दोन्ही गट पहिल्या दिवसापासून वेगळे मोजले जाणार होते. निष्कर्षासाठी मात्र वाट पाहणे भाग होते. समजा, एकाच वयाच्या प्रत्येकी १०,००० जणांच्या दोन गटांत वर्षभरात अनुक्रमे ४० आणि २० मृत्यू झाले, तर फरक २० चा आणि त्याची प्रमाणत्रुटी, म्हणजे निव्वळ योगायोगाने संभवणारा चढउतार, ६० च्या वर्गमूळाइतकी, सुमारे ७.७ येते; फरक तिच्या अडीचपटीहून अधिक असल्याने तो योगायोग मानता येत नाही. गट १,००० चे असते, तर ४ आणि २ या आकड्यांतून, गुणोत्तर तेच असूनही, कोणताही जबाबदार विमागणिती दर बदलण्यास धजावला नसता. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस स्टेट म्युच्युअलजवळ पुरेसे मृत्युदावे जमले, तेव्हा सारख्याच वयाच्या विमेदारांत धूम्रपान करणाऱ्यांचा मृत्युदर इतरांच्या दुपटीहून अधिक असल्याचे दिसले. पुढे १९८० च्या दशकात अमेरिकेत दोन्ही गटांसाठी स्वतंत्र मृत्युसारण्या मान्य झाल्या.

भारतात ही वर्गवारी मुख्यतः २००० नंतर, खाजगी कंपन्यांच्या मुदती विम्याबरोबर आली. विमेदाराच्या कथनाची शहानिशा करण्यासाठी लघवीतील कोटिनीन, म्हणजे शरीरात निकोटिनपासून तयार होणारा पदार्थ, तपासण्याची रीतही तिच्याबरोबर आली. तथापि दाव्यांवर बेतलेली सारणी केवळ विमा उतरवणाऱ्या वर्गाचेच चित्र दाखवते, आणि बिडी ओढणारा कष्टकरी त्या वर्गात क्वचितच मोडतो. ही उणीव भरून काढणारे काम मुंबईत झाले: १९९१ ते १९९७ या काळात पस्तिशीवरील १,४८,१७३ रहिवाशांची नोंद करून त्यांचा पुढे मागोवा घेण्यात आला, आणि तंबाखूला कधीच न शिवलेल्या पुरुषांच्या तुलनेत सिगारेट ओढणाऱ्यांचा मृत्युदर १.३७ पट, तर बिडी ओढणाऱ्यांचा १.६४ पट आढळला.