फ्रीडमन समीकरणे

विश्वाचे आकारमान काळानुसार कसे बदलते हे सांगणारी, सामान्य सापेक्षता सिद्धांतातून निघणारी समीकरणे. रशियन गणिती व हवामानशास्त्रज्ञ अलेक्सांद्र फ्रीडमन (१८८८–१९२५) यांनी ती १९२२ मध्ये मांडली. द्रव्य सगळीकडे आणि सगळ्या दिशांना सारखेच पसरलेले आहे असे धरले, की आइन्स्टाइनची क्लिष्ट समीकरणे आटोपशीर होतात आणि विश्व किती ताणले गेले आहे हे दाखवणारी एकच राशी शोधायची उरते. एडविन हबल यांनी दीर्घिकांची अंतरे व वेग यांचा संबंध १९२९ मध्ये प्रसिद्ध केला, त्याच्या सात वर्षे आधी प्रसरण पावणारे विश्व कागदावर उतरले होते. म्हणूनच लोकप्रिय विज्ञानलेखनात या समीकरणांचा दाखला, गणित हेच वास्तवाचे मूळ रूप आहे या मतासाठी वारंवार दिला जातो. हा दाखला वजनदार आहे. पण तो त्या मतापर्यंत पोहोचत नाही.

इतिहास बारकाईने पाहिला तर याचे कारण कळते. आइन्स्टाइन यांना १९१७ मध्ये न बदलणारे विश्व हवे होते, म्हणून त्यांनी समीकरणांत विश्वस्थिरांक ही जादा राशी घातली. फ्रीडमन यांचा निबंध आल्यावर त्यात चूक असल्याचे टिपण आइन्स्टाइन यांनी छापले आणि १९२३ मध्ये ते मागे घेतले. या दुसऱ्या टिपणाच्या हस्तलिखितात, अशा उत्तराला भौतिक अर्थ देता येणे कठीण, अशा आशयाचे शब्द होते. छपाईपूर्वी त्यांनी ते खोडले. गणित बिनचूक आहे हे मान्य, पण जग तसे आहे हे अमान्य, अशी ती भूमिका होती. पुढे ती चुकीची ठरली, तरी त्या वेळी ती तर्काला सोडून नव्हती. कारण फ्रीडमन यांच्या समीकरणांतून अखंड प्रसरण पावणारे विश्व जसे निघत होते, तसेच फुगून पुन्हा आकुंचन पावणारेही निघत होते. १९२४ च्या निबंधात त्यांनी ऋण वक्रतेच्या विश्वांची भर घातली. आपले विश्व यांपैकी कोणते, हे समीकरणांत कुठेच लिहिलेले नव्हते. ते दुर्बिणीनेच सांगायचे होते.

यावर आक्षेप असा, की रीमान यांनी १८५४ मध्ये मांडलेली वक्र अवकाशाची भूमिती साठ वर्षांनी गुरुत्वाकर्षणाला चपखल बसली. हा निव्वळ योगायोग कसा म्हणायचा? तो योगायोग नाही, हे मान्यच करायला हवे. निसर्गात नियमितता आहे आणि गणित नियमिततेचाच अभ्यास करते, म्हणून दोघांची गाठ पडते. परंतु सुंदर गणित असूनही निसर्गाने नाकारलेले सिद्धांतही आहेत. विश्वाला आरंभ नाही असे मानणाऱ्या, १९४८ मध्ये पुढे आलेल्या स्थिर स्थिती सिद्धांताला फ्रेड हॉइल आणि जयंत नारळीकर यांनी पुढे कसदार गणिती रूप दिले. त्या गणितात विसंगती नव्हती. त्याला मोठा हादरा बसला तो १९६५ मध्ये, पेंझियस व विल्सन यांना सापडलेल्या, विश्वाच्या आरंभकाळातील सूक्ष्मतरंग प्रारणामुळे. गणित हेच वास्तव मानणारे भौतिकशास्त्रज्ञ मॅक्स टेगमार्क यांचे यावर उत्तर असे, की गणितात सुसंगत असलेली सगळीच विश्वे अस्तित्वात आहेत. मग निवडीचा प्रश्न मिटतो खरा, पण निरीक्षणाने खोडता येईल असे फारसे काही त्यात उरत नाही, आणि विश्वरचनाशास्त्राला विज्ञान म्हणून उभे करणारी गोष्ट तर तीच आहे.

समीकरणे आजही जशीच्या तशी वापरात आहेत. त्यांत भरायचे आकडे मात्र बदलत गेले. हबल यांच्या मोजमापातून प्रसरणाचा वेग दर मेगापार्सेकला सेकंदाला सुमारे ५०० किमी. येत होता, त्यावरून काढलेले विश्वाचे वय पृथ्वीच्या वयापेक्षाही कमी भरे. दोष अंतरे मोजण्यात होता. आइन्स्टाइन यांनी टाकून दिलेला विश्वस्थिरांक १९९८ च्या अतिनवताऱ्यांच्या निरीक्षणांनंतर परत आला. सध्या त्या प्राचीन सूक्ष्मतरंग प्रारणावरून हा वेग सुमारे ६७, तर जवळच्या दीर्घिकांवरून सुमारे ७३ निघतो. ही तफावत मोजमापातील आहे की मूळ गृहीतकांतील, हा वाद अजून मिटलेला नाही.