रोगाचा मुका काळ

द्राक्षाच्या पानावर तेलकट पिवळा डाग उमटला की बागाईतदार आदल्या रात्रीच्या आभाळाकडे बोट दाखवितो. निफाड, दिंडोरी, चांदवड या तालुक्यांत हे दृश्य नित्याचे आहे. परंतु तो डाग आदल्या रात्रीचा नसतो. रोग चार-पाच दिवसांपूर्वी, कधी त्याहूनही आधी, पानात शिरलेला असतो. प्रवेश आणि प्रकटीकरण यांमधील हे अंतर मानवाला कसे उमगले, आणि ते उमगेपर्यंत त्याला काय किंमत मोजावी लागली, याचा थोडा इतिहास आम्ही येथे सांगणार आहोत.

शास्त्रज्ञ येथे दोन अवधी वेगळे मोजतात. रोगबीज शिरल्यापासून लक्षण दिसेपर्यंतचा तो परिपाककाल. आणि रोगी स्वतः दुसऱ्यास रोग देऊ लागेपर्यंतचा तो सुप्तकाल. हा भेद वरवर किरकोळ वाटतो. पण साथीचे सारे गणित याच भेदावर उभे आहे.

या अंतराचा अंदाज जुना आहे. १३७७ साली एड्रियाटिक किनाऱ्यावरील रागुसा नगराने प्लेगग्रस्त मुलखातून येणाऱ्यांस तीस दिवस गावाबाहेर रोखून धरण्याचा नियम केला. पुढे हा अवधी चाळीस दिवसांचा झाला व त्या चाळिसातूनच ‘क्वारंटाइन’ हा शब्द निघाला. आमच्याकडे १८९६ साली प्लेग मुंबईत आला, तेव्हा रेल्वे स्थानकांवर प्रवाशांची तपासणी होऊ लागली. परंतु ज्याला अद्याप ताप नाही, गाठ नाही, तो प्रवासी त्या तपासणीतून निर्वेध सुटे. आणि उंदीर व पिसवा यांचा वाटा तर त्या वेळी पुरता उमगलाही नव्हता. १८९९ साली आपल्या जिल्ह्यातील भगूर येथे सावरकर बंधूंचे वडील दामोदरपंत प्लेगानेच गेले.

वनस्पतींच्या बाबतीत हे ज्ञान आणखी उशिरा आले. १८४५ साली आयर्लंडात बटाट्याचे पीक सडले. वरून निरोगी दिसणारे बटाटे साठवणीत ठेवावेत आणि काही दिवसांनी तेथे नुसता चिखल सापडावा, असे घडले. लोकांनी हवेला, धुक्याला दोष दिला. एक सूक्ष्म जीवच या रोगाचे कारण आहे, हे जर्मन शास्त्रज्ञ द बारी याने १८६१ साली प्रयोगाने दाखविले. तोवर दुष्काळाने सुमारे दहा लाख माणसे गिळली होती. धुके खोटे नव्हते. पण ते रोगाचे वाहन होते, जनक नव्हे.

द्राक्षावरील केवडा, ज्याला आपले बागाईतदार सरसहा ‘डाऊनी’ म्हणतात, तो अमेरिकेतून फ्रान्समध्ये १८७८ च्या सुमारास पोहोचला. मुळांवरील किडीला तोंड देणारे अमेरिकन वेल फ्रान्सने मागविले, त्यांबरोबर ही ब्याद आली. रस्त्याकडेच्या वेलींवर चोरांना घाबरविण्यासाठी मोरचूद व चुना शिंपडलेला असे. त्याच वेली हिरव्या राहिलेल्या मिलार्दे या प्राध्यापकाने पाहिल्या आणि १८८५ साली बोर्डो मिश्रण जगापुढे ठेवले. परंतु या मिश्रणाची एक मर्यादा होती. ते पानाच्या दारावरचा पहारेकरी होते. घरात शिरलेल्या चोरापुढे त्याचे काही चालत नसे. तेव्हा प्रश्न बदलला. ‘रोग कधी दिसला?’ याऐवजी ‘रोग कधी शिरला?’ असे विचारणे भाग पडले. विसाव्या शतकाच्या आरंभी जर्मनीत म्यूलर याने तापमानावरून परिपाककालाची दिनदर्शिकाच तयार केली. उबदार हवेत चार-पाच दिवस, थंडीत दहा-बारा दिवस वा अधिक, असा तो हिशेब होता.

नाशिकच्या टेबल-द्राक्षांचा आरंभ १९२५ च्या सुमारास ओझरच्या रावसाहेब जयराम कृष्ण गायकवाड यांच्या नावाने सांगितला जातो. ऑक्टोबर छाटणीनंतर कोवळी फूट निघते, घड बाहेर पडतात, फुलोरा येतो. नोव्हेंबर २००९ मध्ये ‘फयान’ वादळाबरोबर अवकाळी पाऊस आला तो नेमका याच सुमारास. पाने ओली राहिली, रोगबीज पर्णरंध्रांतून आत गेले, आणि डाग दिसून फवारणीची धावपळ झाली तोवर असंख्य बागांतील घड कुजले होते. कर्ज काढून उभ्या केलेल्या बागेत असे चार दिवस म्हणजे वर्षाची भाकरी होय.

पानाच्या आत जाऊन काम करणारी आंतरप्रवाही औषधे १९७० नंतरच्या दशकात आली, तेव्हा या मुक्या काळावर विजय मिळाला असे वाटले. परंतु त्यांतील मेटॅलॅक्सिलसारख्या औषधाला रोगाने काही वर्षांतच दाद देणे सोडले.

माणसांच्या विषाणूंनीही हाच धडा दिला. २००३ च्या ‘सार्स’मध्ये रोगी मुख्यतः लक्षणे दिसल्यावर संसर्ग देई, म्हणून तो रोग अडविता आला. २०२० च्या करोनात सुप्तकाल परिपाककालाहून आखूड होता. रोगी खोकण्यापूर्वीच रोग वाटीत होता. मालेगावच्या त्या उन्हाळ्याची आठवण कोणाला नाही?

तात्पर्य एवढेच, की रोग दिसत नाही तेव्हा तो नसतोच असे नाही. पाऊस पडून गेल्यावर पान किती तास ओले राहिले, हे जो बागाईतदार त्याच दिवशी वहीत टिपून ठेवतो, त्याला डागाची वाट पाहावी लागत नाही.