बेडकाची मांडी आणि विजेचा हिशेब

रोवणीच्या दिवसांत गोंदिया जिल्ह्यातल्या कोणत्याही गावी रात्री बांध्यांमधून बेडकांचा गजर चालू असतो. या प्राण्याच्या मांडीने शास्त्रज्ञांना जेवढे शिकवले, तेवढे फार थोड्या गुरूंनी शिकवले असेल. आपला हात उचलला जातो तेव्हा आत नेमके काय घडते, हे कोडे बेडकाच्याच स्नायूने सोडवले.

इटलीतल्या गॅल्व्हानीची गोष्ट शाळेत सर्वांनी ऐकलेली असते. कापलेल्या बेडकाचा पाय धातूच्या स्पर्शाने झटकला गेला, आणि १७९१ मध्ये त्याने 'प्राण्यात वीज असते' असे छापून टाकले. व्होल्टाला ते पटले नाही, आणि त्या भांडणातून १८०० साली जगाला बॅटरी मिळाली. पुढची कथा मात्र कमी लोकांना ठाऊक आहे.

लंडनचे डॉक्टर सिडनी रिंगर बेडकाचे हृदय मिठाच्या पाण्यात ठेवून त्याची धडधड पाहत होते. १८८२ मध्ये त्यांनी निष्कर्षही प्रसिद्ध केले. मग लक्षात आले की ते पाणी ऊर्ध्वपातित नव्हतेच, साधे नळाचे होते! शुद्ध पाणी वापरताच हृदय मंदावून थांबू लागले. नळाच्या पाण्यातला कॅल्शियम ही खरी किमया होती. रिंगरनी १८८३ मध्ये ही चूक जाहीरपणे दुरुस्त केली. मला त्यांच्या शोधाइतकाच हा प्रांजळपणा मोठा वाटतो.

पण हातापायांचे स्नायू वेगळे निघाले. बाहेरचा कॅल्शियम काढून घेतला, तरी ते आकुंचन पावतात, हे १९७२ मध्ये बेडकाच्याच स्नायूवर स्वच्छ दिसले. म्हणजे त्यांचा साठा पेशीच्या आत, पातळ पिशव्यांमध्ये असतो. मज्जातंतूकडून ॲसिटिलकोलीनच्या रूपाने निरोप येतो. (याच ॲसिटिलकोलीनचा झोपेशी काय संबंध, यावर आपले डॉ. भा. बा. दीक्षित यांनी १९३४ मध्ये लिहिले होते. पुढे ते दिल्लीच्या 'एम्स'चे पहिले संचालक झाले.) त्या निरोपाने पेशीच्या पटलावरचा विद्युतदाब बदलतो. विश्रांतीत पेशीच्या आतला दाब बाहेरपेक्षा सुमारे ९० मिलिव्होल्टने ऋण असतो, म्हणजे घड्याळातल्या सेलच्या सतराव्या हिश्शाएवढा. प्रश्न असा की, पटलावरची ही खबर खोल आतल्या पिशव्यांना कळते कशी? एखादा पदार्थ कडेपासून मध्यापर्यंत झिरपत जाईल म्हणावे, तर तेवढा वेळच नसतो, हा हिशेब ए. व्ही. हिल यांनी १९४८ मध्येच मांडला होता. १९५८ मध्ये अँड्र्यू हक्सली आणि रॉबर्ट टेलर यांनी दाखवले की पटलावर ठरावीक ठिकाणीच टोचणी लागते. तिथून बारीक नळ्या आत उतरतात आणि दाबातला बदल आतपर्यंत नेतात. तरीही नळी आणि पिशवी यांच्यात फट उरतेच, मिलिमीटरच्या जेमतेम लाखाव्या हिश्शाची. ती ओलांडणार कोण?

येल विद्यापीठातल्या मार्टिन श्नायडर आणि नॉक्स चँडलर यांनी १९७३ मध्ये याचे उत्तर शोधले. त्यांनी बेडकाच्या स्नायूतंतूत सूक्ष्म विद्युतअग्रे खुपसली. फुगा माशाच्या विषाने सोडियमची वाट बंद केली, इतर औषधांनी पोटॅशियमची. स्नायू हलून अग्रे मोडू नयेत म्हणून भोवतीचे द्रावण दाट केले. मग दाब वर नेला, खाली नेला आणि दोन्ही प्रवाहांची वजाबाकी केली. पटल म्हणजे साधे संधारित्र असते, तर बाकी शून्य यायला हवी होती. बाकी उरली! दाब वाढवताना थोडा जास्तीचा भार सरकला आणि दाब पूर्ववत करताच तेवढाच भार परत आला. पटलातून आरपार गेलेला आयन असा इमानाने परतत नाही. म्हणजे पटलातच बांधलेले काहीतरी, भार वाहणारे, जागच्या जागी हलत होते.

किती भार सरकतो, हे दाबानुसार मांडले की 'एस' आकाराची रेषा मिळते. बोल्ट्झमन यांनी एकोणिसाव्या शतकात वायूच्या कणांसाठी बसवलेले सूत्र या रेषेला चपखल बसले. प्रत्येक घटकाच्या दोनच अवस्था धरायच्या, आणि दाबानुसार कितीजण या बाजूला, कितीजण त्या बाजूला, हे मोजायचे. रेषेच्या चढावरून एकेका घटकावर साधारण तीन विद्युतभार सरकतात, असा अंदाजही निघतो. १९७६ मध्ये याच गटाने चित्रच मांडले: भार सरकला की दांडा ओढला जातो आणि पिशवीचे बूच निघते. आपल्याकडच्या मालगुजारी तलावांचे तुडूम ज्यांनी पाहिले आहे, त्यांना हे वेगळे सांगायला नको. वरून बूच उपसले की पाणी बांध्यांत धावते, तसा इथे कॅल्शियम धावतो.

या कागदावरच्या दांड्याला देह मिळाला तो १९८७-८८ मध्ये. नळीच्या पटलातले कॅल्शियम-मार्गाचे प्रथिनच दाब ओळखते, हे रिओस आणि ब्रुम यांनी दाखवले. ज्या उंदरांत ते जन्मतःच नसते, त्यांच्या स्नायूपेशींत त्याचे जनुक घालताच आकुंचन परतले. हलणारे भार म्हणजे त्या प्रथिनातले आर्जिनीन नावाचे अमिनो आम्ल.

आता गावाकडचा प्रसंग पाहू. दिवसभर ढोर मेहनत, रात्री पोटभर भात, आणि पहाटे तरुणाचे पायच उचलत नाहीत. घरचे म्हणतात लकवा, शेजारी म्हणतात मण्यार चावली. मण्यारीच्या विषात बहुधा आधी पापण्या जड होतात, गिळता येत नाही. पापण्या आणि श्वास शाबूत, पण हातपाय लुळे, असे असेल तर रक्तातला पोटॅशियम उतरलेला असू शकतो. अर्थात हा निवाडा घरी करायचा नसतो. दोन्हींत लगेच दवाखानाच गाठावा लागतो, कारण मण्यार श्वास बंद पाडते आणि पोटॅशियम हृदयाची लय बिघडवतो.

पोटॅशियम उतरण्याची कारणे अनेक, थायरॉइडपासून मूत्रपिंडापर्यंत. पण त्यातला एक प्रकार घराण्यात चालत येतो. १९९४ मध्ये त्याचे मूळ याच प्रथिनात सापडले. भार वाहणाऱ्या एका आर्जिनीनच्या जागी हिस्टिडीन आलेले असते. २००७ नंतरच्या संशोधनातून दिसले की अशा बदलामुळे भार सरकण्याच्या वाटेतच एक बारीक गळती सुरू होते. पोटॅशियम उतरला की ती गळती पटलाचा दाब बिघडवते आणि स्नायू निरोप घेईनासा होतो.